हिशेबाबाहेरची किंमत

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. पालक पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा त्यांची तक्रार लिहून घेण्यातच विलंब झाला. २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वेमार्गावर उतरले, गाड्या तासन् तास बंद पडल्या आणि मगच विलंबास जबाबदार धरून ठाण्यातील तिघांना निलंबित करण्यात आले. पुढे महिनाभराने, २३ सप्टेंबर रोजी, याच प्रकरणातील आरोपी तळोजा कारागृहातून नेला जात असताना पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. पोलीस कामचुकार आहेत म्हणून ऑगस्टमध्ये संतापलेल्या समाजातूनच, पोलिसांनी झटपट न्याय केला म्हणून सप्टेंबरमध्ये पेढे वाटणारे निघाले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्यात त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले होते. त्या पाचजणांचे अंतिम दायित्व न्यायालयेच ठरवतील आणि तोवर त्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु तक्रार न लिहिणारी लेखणी आणि आरोपीस न्यायालयापर्यंत पोहोचू न देणारी गोळी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असा जो समज त्या दिवसांत दिसला, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे.

हा संबंध कळण्यास मोठ्या शहरात जावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी शिवथरच्या खोऱ्यातील माझ्या परिचयाच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या गोठ्यातून दोन बैल चोरीस गेले. बैलजोडी गेली म्हणजे त्याची लावणीच गेली. गावच्या पोलीस पाटलास बरोबर घेऊन तो ठाण्यात गेला. ठाण्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. "अर्ज लिहून द्या, पाहू," असे उत्तर मिळाले. अर्ज दिला, तो कुठल्याशा फायलीत गेला, गुन्हा नोंदला गेला नाही. आठवड्याने कळले की, जवळच्या वाडीवरील एका कातकरी तरुणास संशयावरून आणून दोन दिवस बसवून ठेवले होते. त्याला मारहाण झाली आणि मग सोडून देण्यात आले. बैल मिळाले नाहीत. तो वृद्ध मला म्हणाला, "बैल गेले ते गेले, पण माझ्या तक्रारीपायी त्या पोराला मार बसला, हे मला बाधतं." या घटनेची कागदोपत्री स्थिती काय? चोरी झाली नाही, कारण गुन्हा नोंदलेला नाही. कोणास आणले नाही, कारण अटक दाखविलेली नाही. कोणास मारले नाही, कारण जो आलाच नाही त्यास मारणार कोण? सरकारी दप्तराप्रमाणे त्या आठवड्यात त्या खोऱ्यात काहीच घडले नव्हते.

पोलिसांविषयीचा वाद आपल्याकडे पुनःपुन्हा याच दप्तरापाशी येऊन अडतो, पण वाद घालणाऱ्यांचे लक्ष तेथे नसते. एक पक्ष म्हणतो, पोलीस म्हणजे वर्दीतील गुंड, त्यांना वेसण घातलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, अपुरे बळ, अखंड कामे, राजकीय दडपण यांत पिचलेल्या माणसाला आणखी किती जाब विचारणार? पहिला कोठडीतील मृत्यूंचे दाखले देतो, दुसरा दंगलीत डोके फुटलेल्या शिपायाचे. दोघांचे दाखले खरे असतात. चूक इतकीच की, शिपायाचे हाल आणि संशयिताचे हाल ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली आलेच पाहिजे, असे दोघेही गृहीत धरतात. माझे म्हणणे असे की, ही दोन्ही एकाच बिघडलेल्या हिशेबाची दोन अंगे आहेत.

हा मुद्दा अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला, तर अधिक स्पष्ट होतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आले, तेव्हापासून सावित्रीच्या पाण्याची तक्रार या परिसरात सर्वांच्या परिचयाची आहे. जो कारखाना सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडतो, त्याचा माल स्वस्त पडतो. परंतु हा स्वस्तपणा खरा नसतो. शुद्धीकरणाचा खर्च टळलेला नसतो. तो कारखान्याच्या खातेवहीतून काढून नदीकाठचा मच्छीमार आणि शेतकरी यांच्या माथी मारलेला असतो. ज्याच्या माथी तो बसतो, त्याच्याजवळ जाब विचारण्याचे साधन नसते, म्हणूनच तो तेथे बसतो. अशा किमतीला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात.

गुन्ह्याच्या तपासाचेही असेच आहे. रीतसर तपास ही महाग वस्तू आहे. त्याला जागेचा काळजीपूर्वक पंचनामा लागतो, साक्षीदारांकडे पुनःपुन्हा जावे लागते, प्रयोगशाळेचा अहवाल वेळेवर यावा लागतो आणि या सर्वांसाठी प्रशिक्षित, विश्रांती मिळालेली, दुसऱ्या कामावर न जुंपलेली माणसे लागतात. हे सर्व पुरविण्यास जे सरकार तयार नसते आणि ज्यासाठी कर भरण्यास व वाट पाहण्यास जो समाज तयार नसतो, तेही 'निकाल' मात्र आठ दिवसांत मागतात. मग स्वस्त मार्ग एकच उरतो. संशयितास आणावयाचे आणि त्याच्या अंगातून कबुली काढावयाची. तो खर्च अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही. तो वाडीवरच्या कातकऱ्याच्या पाठीवर पडतो. चोरी झाली की पहिली नजर कोणत्या वस्तीकडे वळते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला. शिक्का कायद्यातून गेला, नजरेतून गेला नाही.

ही केवळ तात्त्विक मांडणी नव्हे. १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात असे नमूद केले की, सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक अथवा असमर्थनीय होत्या आणि तुरुंगांवरील खर्चापैकी ४३.२ टक्के खर्च अशा अटकांपायी होत होता. अटकेचा अधिकार हे पोलिसी भ्रष्टाचाराचे एक प्रमुख उगमस्थान आहे, असेही आयोगाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जोगिंदर कुमार खटल्याच्या निकालात या निष्कर्षांची दखल घेतली. म्हणजे जो मार्ग स्वस्त म्हणून पत्करला, तो सरकारी तिजोरीसही स्वस्त पडत नव्हता. अटक केलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, त्याच्या घरच्यांचे वकिलाकडचे हेलपाटे आणि या धावपळीत मोकळा सुटलेला खरा गुन्हेगार यांची किंमत तर त्या आकड्यांत धरलेलीही नाही.

आता वर्दीच्या आत असलेल्या माणसाकडे वळू. पोलिसी व्यवस्थेने हिशेबाबाहेर टाकलेला दुसरा खर्च म्हणजे हा माणूस. महाड-पोलादपूर भागातील शिपायाचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा वर्धापनदिन, जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेकाचे सोहळे, भाद्रपदात कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांची महामार्गावरील अखंड रांग, २५ डिसेंबरला मनुस्मृतिदहनाचा स्मरणदिन, मध्येच निवडणुका, मध्येच मंत्र्यांचे दौरे. हे झाले ठरलेले बंदोबस्त. न ठरलेले पावसाळा घेऊन येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या व इतर वाहने गेली. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा प्रत्येक प्रसंगी प्रेतांची ओळख पटविणे, नातेवाइकांना आवरणे आणि बघ्यांना मागे सारणे ही कामे शिपायाच्याच वाट्याला येतात. त्यातून घरी गेल्यावर त्याला झोप लागते की नाही, हे विचारण्याची खात्यात रीत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पोलीस शिपाई आहे. त्याने एकदा सांगितले, "सर, वरून तपास कसा चाललाय असं कुणी विचारत नाही. उघडकीस आला का, एवढंच विचारतात." या एका वाक्यात सारी यंत्रणा आली. फौजदाराची परीक्षा उघडकीस आलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यावर. तेव्हा न उलगडणारा गुन्हा नोंदवून न घेणे त्याच्या हिताचे. उलगडलेला गुन्हा कसा उलगडला, हे विचारणारा कोणी नाही. तेव्हा हात उचलण्यात धोका नाही. लावणीच्या तोंडावर बैल गमावलेला वृद्ध आणि दोन दिवस मार खाल्लेला तरुण हे दोघेही या एकाच मोजपट्टीचे बळी होते. ज्या आकड्यांवरून माणसाला बक्षीस मिळते, ते आकडे माणूस घडवितो. गिरणीत हे जितके खरे, तितकेच ठाण्यात.

शिपायाच्या हालांकडे दुर्लक्ष केल्याचे काय होते, हे या राज्याने एकदा पाहिले आहे. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईच्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. वेतन, घरे, कामाचे तास या त्यांच्या तक्रारी नव्या नव्हत्या. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. १८ ऑगस्टला पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली, नेत्यांना अटक झाली आणि गिरणी संपाने आधीच धगधगणाऱ्या शहरात शिपाईच रस्त्यावर आले. कायद्याच्या रक्षकांना आवरण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. हिंसेचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु राष्ट्रीय पोलीस आयोगाचा पहिलाच अहवाल शिपायांची राहणी, घरे आणि वरिष्ठांच्या घरी राबण्याची प्रथा यांविषयी होता. तो १९७९ मध्येच सरकारपुढे गेला होता. इशारा मिळाला होता. तो वाचला गेला नाही, इतकेच.

मग शिपायाचे हाल हे त्याच्या हिंसेचे समर्थन ठरते काय? मुळीच नाही. ज्याने त्याची रजा नाकारली, तो त्याचा वरिष्ठ. ज्याने बळ मंजूर केले नाही, ते सरकार. मार मात्र बसतो तो या दोहोंपैकी कोणासही न ओळखणाऱ्या माणसाला. शिवाय जाब विचारण्याची व्यवस्था नसली, म्हणजे विसावा मिळालेला हातही उगारला जातोच. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्याच्या आवारात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचारामागे कसला कामाचा ताण होता? सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघा कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा व अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला. खाते स्वतःहून सुधारले नाही. नागरिकांनी हिशेब मागितला, तेव्हा कायद्याच्या वहीत एक नवे पान उघडले गेले.

त्यानंतरची पाने पुष्कळ लिहिली गेली, पण भरली गेली नाहीत. १९९६ च्या बसू खटल्यात अटकेच्या वेळी पाळावयाचे नियम सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणेचे सात आदेश दिले. त्यांत तपास आणि बंदोबस्त यांची कामे वेगळी करणे होते, मनमानी बदल्यांना आळा घालणे होते, तसेच राज्य व जिल्हा पातळीवर पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे स्थापणेही होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून असे प्राधिकरण निर्माण केले. मात्र जिल्ह्याऐवजी महसुली विभागाची पातळी त्यात घातली. कागदावर हा फरक एका शब्दाचा आहे. शिवथरच्या माणसाला अलिबागच शंभर किलोमीटरांहून दूर आहे. विभागाच्या कचेरीसाठी त्याला त्याहूनही पलीकडे, मुंबईच्या दारापर्यंत जावे लागणार. मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे मोडून, पोलिसांविरुद्ध तक्रार करण्यासाठी तो वाडीवरचा तरुण तेथवर जाईल, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा रस्ता एकदा एस.टी.ने करून पाहावा. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्यास अनुसरून आणलेले विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले आणि पुढे राज्यसभेत अडकून बाद झाले. आपण जगापुढे सही केली, घरात मात्र कायदा केला नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, जाब विचारल्याने पोलिसांचे मनोधैर्य खचते. ज्याचे धैर्य कोणी पाहत नसल्यावर अवलंबून आहे, ते खचलेलेच बरे. प्रामाणिक फौजदाराला मात्र नोंदींचा फायदाच होतो. पुढाऱ्याचा दूरध्वनी आला, तर "साहेब, नोंद झाली आहे" हे उत्तर देता येते. जाब विचारणारी व्यवस्था ही त्याची ढाल आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. न्यायालयात खटले वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा नराधमाला गोळी घातली तर बिघडले कोठे? हा प्रश्न विचारणारी आई असेल, तर तिच्यापुढे मान खाली घालावी लागते. पण तिला दिलेले उत्तर खोटे असता कामा नये. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हाही पुष्पवृष्टी झाली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ च्या अहवालात ती चकमकीची कहाणी नाकारली आणि दहा पोलिसांवर खटला चालविण्याची शिफारस केली. आरोपी मेला म्हणजे तपास संपतो. आणखी कोणी सामील होते काय, कोणी झाकपाक केली काय, हे प्रश्न त्याच्याबरोबर जळतात. तक्रार लिहिण्यास विलंब झाला, याची आठवणही गोळीच्या आवाजात बुडून जाते. ज्या यंत्रणेने तुमचे गाऱ्हाणे ऐकले नाही, तिलाच तुम्ही न्यायाधीश आणि जल्लाद नेमता. हाही स्वस्त मार्गच आहे, आणि त्याची किंमतही उद्या दुसरा कोणीतरी मोजणार आहे.

तेव्हा मागावयाचे काय? नव्या घोषणांची गरज नाही. जे लिहिले गेले आहे, ते भरून घेतले तरी पुष्कळ होईल. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले. 'अर्ज द्या' ही पळवाट बंद व्हावयाची, तर नोंदी वाढल्याबद्दल फौजदारास दूषण देणे वरिष्ठांनी सोडले पाहिजे. गुन्ह्यांचे आकडे वाढले म्हणून विधिमंडळात आरडाओरड करणाऱ्या विरोधकांनीही थोडा संयम पाळावा. नोंद वाढणे हे कधी कधी विश्वास वाढल्याचे लक्षण असते. ठाण्याच्या प्रत्येक खोलीत कॅमेरे असावेत आणि चित्रण दीर्घकाळ जपावे, हा आदेश डिसेंबर २०२० चा आहे. ते कॅमेरे चालू आहेत काय, हे विचारण्याचा हक्क तालुक्यातील वकील, शिक्षक व पत्रकार यांनी बजावला पाहिजे. तक्रार प्राधिकरण जिल्ह्यात यावे आणि त्याने तालुक्यांतून फिरती बैठक घ्यावी.

त्याच यादीत, तितक्याच ठळक अक्षरांत, शिपायाचे आठ तास यावेत. हे अशक्य असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात हा प्रयोग सुरू झाला. तो सुचला होता तेथीलच एका शिपायाला. आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तो उचलून धरला आणि पुढे शहरभर नेला. उपलब्ध माणसांच्या पाळ्या नीट आखल्या, तर काय होऊ शकते, हे एका शिपायाने कागदावर मांडून दाखविले. नोंदवही संशयिताला वाचवते आणि हजेरीपत्रक शिपायाला. दोहोंना भिणारी व्यवस्था एकच आहे.

पूल वाहून गेल्यानंतरच्या दिवसांत सावित्रीच्या काठी पावसात उभे असलेले पोलीस आम्ही पाहिले आहेत. पात्रात काय सापडते, याकडे डोळे लावून बसलेल्या नातेवाइकांना धीर देणारे ते हात होते. दोन दिवस बसवून ठेवलेल्या त्या तरुणावर उगारले गेलेले हातही त्याच खात्याचे होते. पहिल्या हातांविषयीची कृतज्ञता दुसऱ्यांवर पांघरूण घालण्यासाठी वापरणे हा त्या पहिल्या हातांचाच अपमान आहे. तो वृद्ध आज हयात नाही. तो तरुण मजुरीसाठी बाहेर पडला, एवढेच मला ठाऊक आहे. त्या दोन दिवसांची नोंद आजही कोणत्याच दप्तरात नाही. ती तेथे असती, तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागले असते. पोलिसांविषयीच्या वादात एवढे जरी आपण एकमुखाने मागितले की, घडेल ते लिहिले जावे, तरी पुष्कळसे घडावयाचे थांबेल.